नाव पडण्याआधीचे आभासी जग

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

भुसावळ स्टेशनावर गाडीची वाट पाहिली नाही असा माणूस खानदेशात सापडणे कठीण. तासन्‌तास तिथे बसून आपण केळीच्या वॅगनी पाहिल्या, चहा प्यालो, गाडी लेट असल्याची घोषणा ऐकली. पण या गावाच्या जुन्या युरोपियन दफनभूमीत एक माणूस झोपलेला आहे आणि आज ज्याला आपण ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’, मराठीत आभासी वास्तव म्हणतो, त्याच्या पूर्वजांमध्ये त्याचे नाव घ्यावे लागते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. रॉबर्ट गिल हे त्याचे नाव. १८७९ च्या एप्रिलमध्ये तो गेला. खानदेशातला एप्रिल म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको.

गिल म्हटले की आपल्याकडे लगेच पारोची गोष्ट निघते. अजिंठा गावात तिची कबर आहे, तिच्यावर १८५६ साल कोरलेले आहे. ना. धों. महानोरांनी त्या प्रेमकथेवर दीर्घकविता लिहिली आणि २०१२ साली तिच्यावर चित्रपटही आला. ती गोष्ट मी आज सांगणार नाही. आज मला गिलच्या कॅमेऱ्याविषयी बोलायचे आहे, कारण त्या कॅमेऱ्याला दोन डोळे होते.

आधी थोडे मागे जाऊ. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी दिसली. हीच वाघूर पुढे घाट उतरून आपल्या जिल्ह्यात येते आणि तिच्यावरच्या धरणाचे पाणी जळगावकर पितात, म्हणजे अजिंठा आपल्याला किती जवळचा ते पाहा. पुढे जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकाने लेणी पाहिली. पुण्याचे कॉलेज ज्यांच्या नावाचे ते गव्हर्नर फर्ग्युसन वेगळे, हे वेगळे. १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून त्याने या लेण्यांकडे लक्ष वेधले. त्यातली चित्रे झडताहेत, ती नाहीशी होण्यापूर्वी कोणीतरी उतरवून घ्यावीत, ही त्या वेळची तळमळ. कंपनी सरकारने १८४४ साली हे काम मद्रास लष्करातल्या कॅप्टन गिलवर सोपवले.

गिल आला तो जवळजवळ कायमचाच. अंधाऱ्या लेण्यांत उभा राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर तो तैलरंगांत चित्रे उतरवी आणि तयार झालेली चित्रे लंडनला पाठवी. तिथे ती सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहायला मांडली गेली. १८६६ च्या डिसेंबरात त्या काचमहालाला आग लागली आणि तिथली गिलची चित्रे जळून गेली. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच, जी तिथे नव्हती ती, वाचली. जवळजवळ दोन दशकांची मेहनत एका आगीत गेली. आणि ज्या भिंतींवरची चित्रे नष्ट होतील या भीतीने हा सगळा खटाटोप केला, त्या भिंती इकडे सह्याद्रीच्या कुशीत होत्या तिथेच होत्या.

पण गिलचे दुसरे एक काम आगीतून सुटले. १८५० च्या दशकाच्या मध्यापासून तो फोटो काढू लागला होता आणि त्यातले बरेचसे फोटो जोडीने काढलेले होते. याला स्टिरिओ फोटो म्हणतात. त्याचे तत्त्व घरबसल्या पडताळता येते. नाकासमोर वीतभर अंतरावर एक बोट धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळे दिसते. मेंदू ही दोन चित्रे एकत्र करतो आणि त्या फरकावरून वस्तू जवळ आहे की लांब ते ठरवतो. म्हणजे खोली आपल्याला दिसते ती मेंदूच्या हिशेबातून.

चार्ल्स व्हीटस्टोन या लंडनच्या शास्त्रज्ञाने १८३८ साली हे रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याने विचार केला की मेंदू जर दोन चित्रांवरून खोली बनवत असेल, तर आपणच त्याला दोन चित्रे पुरवली तर? त्याने आरशांचे एक साधन बनवले, एका डोळ्यासमोर एक चित्र, दुसऱ्यासमोर दुसरे. आणि सपाट कागदावर रेघोट्यांनी काढलेली आकृती उठून उभी राहिली. पुढे १८४९ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस्टरने, ज्याने कॅलिडोस्कोप शोधला त्यानेच, आरशांऐवजी भिंगे लावून हातात धरता येईल अशी पेटी केली. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात ती राणी व्हिक्टोरियाला आवडली. राणीला आवडल्यावर काय विचारता! प्रत्येक घरात एक स्टिरिओस्कोप हवाच, असे म्हणत कंपन्या निघाल्या. इजिप्तचे पिरॅमिड, आल्प्सचे बर्फ, जेरुसलेमच्या गल्ल्या दिवाणखान्यात आल्या.

अजिंठाही त्यांच्यात होता, गिलमुळे. १८६४ साली लंडनमध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तके निघाली, दोन्हींचा मजकूर फर्ग्युसनने लिहिलेला. त्यातल्या एकात पश्चिम भारतातली वास्तुकला आणि निसर्ग यांची शंभर स्टिरिओ चित्रे होती. ती पाहणारा माणूस लंडनच्या थंडीत शेकोटीजवळ बसून लेण्यांच्या खांबांच्या रांगेत ‘शिरत’ होता. एक खांब पुढे, त्याच्या मागे दुसरा, मग अंधार. फोटो काळेपांढरे होते आणि लेण्यांतला उजेड तुटपुंजा, म्हणून भिंतीवरची रंगीत चित्रे त्यांत नीट येणे शक्यच नव्हते. जे येत होते ते दगडाचे घडीव काम आणि मुख्य म्हणजे ती जागा. आपण तिथे आहोत हा भास.

हाच भास पुढच्या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. १८५९ साली अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या बोस्टनच्या डॉक्टर-लेखकाने स्टिरिओ चित्रांवर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की वस्तूचे रूप आता वस्तूपासून सुटे झाले आहे; एखाद्या इमारतीच्या चार उत्तम फोटोकाचा हाती आल्या की मग खुद्द इमारत पाडा नाहीतर जाळा, काही बिघडत नाही. त्यात थट्टेचा भाग होता हे उघड आहे. पण मला ते वाक्य वाचताना क्रिस्टल पॅलेसची आग आठवते. होम्सला वाटले मूळ गेले तरी चालेल, नक्कल राहील. अजिंठ्याच्या बाबतीत घडले नेमके उलटे.

आणि ते एकदाच घडले असे नाही. गिलनंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याला येत राहिले. त्यांनी करवून घेतलेल्या नकला लंडनला गेल्या आणि १८८५ साली तिथेही आग लागली, शंभरावर चित्रे जळाली किंवा खराब झाली. १९१७-१८ च्या सुमारास जपानहून आलेल्या अराई काम्पो या चित्रकाराने केलेल्या नकला १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या. ‘अजिंठ्याचा शाप’ म्हणून या गोष्टी रंगवून सांगणारे पुष्कळ आहेत. शाप वगैरे काही नाही. कागद, कापड आणि तेल जळतात, इतकेच. खरे दुःख वेगळे आहे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी मूळ भिंतींवर व्हर्निश चढवले, ते पुढे पिवळे-काळे पडले आणि ते काढताना मागच्या पिढ्यांना घाम फुटला. नक्कल जळाली, आणि ती करताना मूळ मात्र मळले. गिलच्या दोन भिंगांच्या पेटीने निदान भिंतीला हात लावला नव्हता.

आता गिलचा कॅमेरा जरा बाजूला ठेवून मी तुम्हांला चाळीसगावला नेतो. अंतर फार नाही, पण गोष्ट अगदी वेगळ्या टोकाची आहे.

चाळीसगावला स्टेशनजवळच्या एका जुन्या दगडी घरात केकी मूस राहत. १९१२ सालचा जन्म, १९८९ च्या अखेरीला निधन. घराणे पारशी, कलेचे शिक्षण विलायतेत झालेले. तिथून परतल्यावर त्यांनी स्वतःला या घरात कोंडून घेतले ते जवळजवळ पन्नास वर्षे, एखाददुसरा अपवाद सोडला तर. त्यामागची प्रेमकथा लोक अजून सांगतात. आपल्या खानदेशात प्रत्येक कलावंतामागे एक प्रेमकथा आणि एक रेल्वेगाडी असावीच लागते की काय, कोण जाणे! मला त्यांच्या टेबलाविषयी बोलायचे आहे.

मूस यांची ख्याती ‘टेबलटॉप’ छायाचित्रणासाठी. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर नेमका उजेड टाकून असा फोटो काढायचा की पाहणाऱ्याला ते खरेखुरे दृश्य वाटावे. या प्रकारात कापसाचा ढग होतो, मिठाचे बर्फ होते, काटकीचे झाड होते. घराबाहेर न पडणारा माणूस घरातल्या टेबलावर जग मांडतो आणि तुम्ही फोटो पाहून विचारता, ही जागा कुठली? ही जागा कुठलीच नाही. ती फक्त त्या टेबलावर होती, कॅमेऱ्याची झडप उघडली तेवढ्यापुरती. मग सामान उचलले गेले.

हा फरक मनात धरून ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. गिलने एक खरी जागा लांबच्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत नेली. मूस यांनी जी जागा मुळात नाहीच ती डोळ्यांपुढे उभी केली. आभासी वास्तवात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि त्यांत तिसरी एक गोष्ट मिसळते, जी या दोघांकडेही नव्हती. तुम्ही मान वळवली की दृश्यही वळते.

ही तिसरी गोष्ट कुठून आली, हे ज्याने ती केली त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते. इव्हान सदरलंड हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ. १९९६ साली कॅलिफोर्नियात त्यांनी आणि त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी बॉब स्प्राउल यांनी एक व्याख्यान दिले. त्याच्या शीर्षकाचा मराठी अर्थ होतो, ‘आभासी वास्तव, ते नाव पडण्यापूर्वीचे’. या भाषणाचे मथळेही मी तिथूनच उसने घेतले आहे. त्या व्याख्यानाचे ध्वनिचित्रमुद्रण झाले. अशी मुद्रणे म्हणजे माझ्या मते आजच्या काळातली बखरच. फरक एवढाच की बखरकार बहुधा लढाईनंतर लिहितो, आणि इथे लढणारा माणूस स्वतः समोर उभा राहून बोलतो, मध्येच हसतो.

त्यांची हकीकत अशी. १९६० च्या दशकात बेल हेलिकॉप्टर ही कंपनी एक प्रयोग करत होती. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली कॅमेरा बसवायचा, वैमानिकाच्या शिरस्त्राणात पडदा, आणि वैमानिकाने मान फिरवली की कॅमेराही तसाच फिरायचा, म्हणजे रात्रीच्या अंधारातही खाली उतरता यावे. याची चाचणी घेताना कॅमेरा एका इमारतीच्या गच्चीवर ठेवला होता आणि पाहणारा माणूस आत, खोलीत, खुर्चीवर निवांत बसलेला. कॅमेरा गच्चीच्या कडेवरून खाली वळला मात्र, आतला माणूस घाबरून गेला. खुर्चीत सुरक्षित बसलेल्या माणसाला आपण गच्चीवरून पडतो असे वाटले! डोळ्यांनी शरीराला फसवले ते इतके पक्के.

सदरलंड यांनी हे पाहिले आणि त्यांचा स्वतःचा वाटा, असे ते म्हणतात, एवढाच की कॅमेऱ्याची गरज नाही हे त्यांच्या लक्षात आले. कॅमेऱ्याच्या जागी संगणक ठेवता येईल. खरी गच्ची कशाला हवी? आकड्यांची गच्ची चालेल. अडचण अशी की तेव्हाच्या संगणकांत एवढे बळच नव्हते. म्हणून त्यांना खास यंत्रे बांधावी लागली.

त्याआधी १९६५ साली न्यूयॉर्कच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी याविषयीचे स्वप्न मांडले होते. अंतिम पडदा म्हणजे अशी खोली, जिच्यात संगणकाने निर्माण केलेल्या खुर्चीवर खरेच बसता येईल. मुद्दा दीडदोन पानांत संपतो, पण पुढची साठ वर्षे लोक त्याचा अर्थ लावत आहेत. प्रत्यक्ष यंत्र १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडले गेले. त्याच परिषदेत ९ डिसेंबरला डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊस चालवून दाखवला, त्याची फिल्म आजही पाहता येते. आपल्या टेबलावरचा उंदीर आणि डोळ्यांवरचा चष्मा एकाच जत्रेत आले म्हणा ना.

सदरलंडचे यंत्र दिसायला मात्र भयंकर होते. डोळ्यांजवळ दोन छोट्या चित्रनळ्या, त्यांचे चित्र अर्धपारदर्शक आरशांवरून डोळ्यांत जाणार. डोके कुठे आहे, किती वळले, हे मोजण्यासाठी छतापासून एक धातूची दांडी डोक्यावर उतरलेली. केसाला टांगलेल्या तलवारीखाली बसलेल्या डॅमोक्लीसची ग्रीक गोष्ट आहे, तिच्यावरून त्या दांडीला ‘डॅमोक्लीसची तलवार’ म्हणू लागले. आणि एवढे सोसून दिसायचे काय? हवेत तरंगणाऱ्या, नुसत्या रेघांनी काढलेल्या आकृती. एक रेघांची खोली होती, तिच्या भिंतींवर दिशांची आद्याक्षरे. पण मान वळवली की ती खोली जागच्या जागी राही. उत्तरेची भिंत मागे जाई, पूर्वेची समोर येई. रंग नाही, सावली नाही, पोत नाही. तरी माणूस ‘आत’ होता.

त्याच दशकात मॉर्टन हायलिग नावाच्या चित्रपटवाल्याने वेगळ्या वाटेने हेच साधले होते. त्याच्या ‘सेन्सोरामा’ला १९६२ साली पेटंट मिळाले. पेटीत डोके घालायचे, बुड टेकायची जागा हलायची, तोंडावर वारा यायचा, वासही सोडले जायचे. मोटारसायकलवरून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून फेरफटका! मला सारंगखेड्याच्या जत्रेत पाहिलेला बायस्कोप आठवतो. भोकाला डोळा लावायचा, आत चित्रे सरकायची, आणि वारा, धूळ, भज्यांचा वास जत्रा फुकट पुरवायची. हायलिगला पैसे घालणारा कोणी मिळाला नाही आणि त्याचे यंत्र मागे पडले.

‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हे नाव रूढ झाले १९८० च्या दशकात, ते मुख्यत्वे जॅरॉन लॅनियर या गबाळ्या वेषातल्या, पाठीवर जटा सोडलेल्या तरुणामुळे. त्याच्या कंपनीने डोळ्यांवरचा चष्मा आणि हातमोजा विकायला काढला. १९८९ आणि १९९० साली सिग्राफ या संगणकचित्रणाच्या वार्षिक परिषदांत या विषयावर चर्चासत्रे झाली आणि १९८९ च्या सत्रातली बोलणी छापलीही गेली. ती वाचताना मौज वाटते. काही जण म्हणत होते आता जगच बदलणार, काही जण म्हणत होते जरा दमाने घ्या. दोन्ही बाजू थोड्याथोड्या चुकल्या. १९९५ साली एका बड्या जपानी खेळणी कंपनीने लाल-काळी चित्रे दाखवणारे यंत्र बाजारात आणले, ते वर्षभरातच गुंडाळावे लागले. मग २०१२ पर्यंत या क्षेत्रात शांतता होती असे म्हटले तरी चालेल.

आणि २०१४ साली गूगलने काय काढले? पुठ्ठ्याची पेटी, तिला दोन भिंगे, आत मोबाईल ठेवायचा. ब्रूस्टरने १८४९ साली केली तीच पेटी! मोबाईलच्या पडद्यावर दोन चित्रे शेजारी शेजारी, एक या डोळ्याला, एक त्या. फक्त मान वळली हे मोबाईलला कळते, एवढे सदरलंडचे देणे त्यात होते. दीडशे वर्षांचा प्रवास करून आपण पुन्हा खोक्यापाशी आलो. ती पेटीही २०२१ साली विकायची बंद झाली.

इथे मला जे सांगायचे आहे ते येते. अजिंठ्याची चित्रे साधारण दीड हजार वर्षे आणि त्यांतली काही त्याहून जुनी. त्यांना माणसांच्या श्वासातली वाफ आणि गर्दीची ऊब सोसत नाही. म्हणून त्यांची हुबेहूब प्रतिकृती असावी, लोकांनी ती पाहावी आणि मूळ चित्रांना विश्रांती मिळावी, हा विचार अगदी रास्त आहे. जपानच्या अर्थसाहाय्याने लेण्यांच्या पायथ्याशी केंद्र उभे राहिले, त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती होत्या. २०१३ साली ते सुरू झाले आणि वीज-पाण्याची बिले थकल्याने काही वर्षांतच त्याला कुलूप लागले. म्हणजे या वेळी नकलेला आगही लागली नाही, बिलच पुरेसे झाले.

संगणकातल्या नकलेला तर कुलूपही लागत नाही, ती नुसती उघडेनाशी होते. नव्वदच्या दशकात कलेवरच्या सीडी निघत. अशी एक माझ्या कपाटात आहे. सीडी घालायला जागा असलेला संगणक घरात उरलेला नाही, आणि असता तरी तो कार्यक्रम त्यावर चालला नसता. सदरलंडच्या रेघांच्या खोलीत आज कोणालाही शिरता येत नाही. तिची उरली आहेत ती वर्णने, थोडी फिल्म आणि त्या दोघांचे बोलणे. उलट गिलची १८६४ सालची जोडचित्रे आजही दिसतात. दोन भिंगे मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी दोन चित्रांमध्ये एक पोस्टकार्ड उभे धरा, नाक त्याच्या कडेला टेकवा आणि दूर पाहिल्यासारखी नजर सैल सोडा. पहिल्यांदा जमत नाही, डोळे दुखतात. मग एकदम ती चित्रे एकमेकांवर सरकतात आणि खांब पुढे येतो. वीज लागत नाही, परवाना लागत नाही. पंधराव्या शतकातली पोथी वाचायला जसे फक्त डोळे आणि मोडी-बाळबोधचे शिक्षण लागते, तसेच हे. आमच्या धुळ्याच्या राजवाडे मंडळात कागद उलगडताना मला हे नेहमी जाणवते. जी नक्कल वाचायला कमी यंत्र लागते ती जास्त टिकते.

म्हणून लेणी मोजून ठेवायची असतील तर ज़रूर ठेवावीत, लेसरने, कॅमेऱ्याने, जे असेल त्याने. पण ती साठवण दर दहा वर्षांनी नव्या यंत्रात उतरवायला कोणी नेमलेला माणूस आणि त्याचा पगार, हे आधी ठरवावे. नकलेचा खर्च ती करताना नसतो, सांभाळताना असतो. आणि एक नोंद आणखी करावी, जी कोणतेच यंत्र आपणहून करत नाही. ती कोणती, हे मला माझ्या आईने शिकवले.

आई पाचोऱ्याजवळच्या खेड्यातली. लहानपणी ती एकदाच अजिंठ्याला गेली. पाचोऱ्याहून छोट्या पीजे गाडीने पहूरपर्यंत, तिथून बैलगाडीने. पुढे संसार, शेती, आणि उतारवयात गुडघे. लेण्यांच्या पायऱ्या चढणे शक्य नव्हते. मी ती पुठ्ठ्याची पेटी आणली, मोबाईलवर लेण्यांची सर्व बाजूंनी फिरणारी चित्रे लावली आणि तिच्या डोळ्यांना लावली. ओसरीत खाटेवर बसली होती. मान वर करून छत पाहिले, मग खाली पाहिले, आणि एका हाताने खाटेची माचवी घट्ट धरली. बेल हेलिकॉप्टरच्या खुर्चीतला तो माणूस आणि पाचोऱ्याची ही म्हातारी, दोघांचे शरीर एकाच तऱ्हेने फसले.

मिनिटभर ती काही बोलली नाही. मग पेटी खाली न करताच म्हणाली, “वटवाघळास्ना वास कोठे शे रे?”

मी म्हटले, “आई, वास नाही येत त्यात.”

“मंग हाई अजिंठा नही,” असे म्हणून तिने पेटी माझ्या हातात दिली. पण तोवर तिला बोलायची तार लागली होती. लेण्याच्या दारात एक माणूस पत्रा घेऊन उभा असायचा, तो बाहेरचे ऊन पत्र्यावर घेऊन आत भिंतीवर फेकायचा. उजेडाचा तो तुकडा जिथे जाईल तिथे सगळ्या बायका माना वळवायच्या. तिच्या मावशीला एका राणीच्या गळ्यातला हार दिसला आणि तेवढ्यात पत्रेवाल्याचा हात दमला, ऊन सरकले, हार पुन्हा अंधारात गेला. मावशी त्या माणसावर रागावली होती. परतताना बैलाच्या पायात काटा मोडला म्हणून फर्दापूरला मुक्काम पडला, आणि तिथे रात्री कुणीतरी गोऱ्या साहेबाची आणि त्याच्या पारोची गोष्ट सांगितली होती.

मी मोबाईल पेटीतून बाहेर काढला, लेण्यांची चित्रे बंद केली आणि ध्वनिमुद्रण सुरू करून तो खाटेवर तिच्याशेजारी ठेवला. “हां, मग पत्रेवाला काय म्हणाला मावशीला?” मी विचारले.